खूप झोप येणं आणि डिप्रेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकची, सिडकोत राहते. २ वर्षांपूर्वी पुण्यातला जॉब सुटला, सामान घेऊन घरी परत आले आणि झोपायला लागले. आधी १० तास, मग १२, एखाद्या दिवशी १४ सुद्धा. घरात सगळ्यांना वाटलं पोरीची दगदग झालीये, झोपू दे. मलाही तेच वाटलं. हे डिप्रेशन आहे हे कळायला ५ महिने गेले, कारण डिप्रेशन म्हणजे रात्र रात्र झोप लागत नाही एवढंच आम्हाला माहीत होतं. आता बिल्डिंगमधल्या, नात्यातल्या, आईच्या भिशीतल्या बायका येऊन तेच तेच प्रश्न विचारतात, कुणी मुलासाठी कुणी सुनेसाठी कुणी हळूच स्वतःसाठी, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाहीये. जे डॉक्टरांकडून समजून घेतलं, वाचलं आणि अंगावर काढलं तेच इथे आहे.

किती झोप म्हणजे जास्त झोप?

मोठ्या माणसाला साधारण ७ ते ९ तास लागतात, पासष्टीच्या पुढे ७ ते ८, आणि १४ ते १७ वयाच्या पोरांना ८ ते १०. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. काही माणसं जन्मापासूनच साडेनऊ तास झोपणारी असतात, उठली की फ्रेश, कामाला लागतात, त्यांना काही झालेलं नाही. बघायचं ते हे की तुमच्या नेहमीच्या झोपेपेक्षा ती वाढलीये का, किती आठवडे झाले, आणि एवढं झोपून उठल्यावर कसं वाटतं. तापातून उठलात, लग्नघरातली धावपळ झाली, परीक्षा संपली, तर ४-५ दिवस माणूस झोपतोच, तो हिशोब वेगळा. २ आठवडे झाले आणि रोज ९-१० तासांच्या वर जातंय आणि तरी अंग उचलत नाहीये, तर मात्र लक्ष द्या.

डिप्रेशनमधे तर झोप उडते ना? मग जास्त झोप कशी?

बहुतेकांची उडतेच, ते खरंय. पहाटे ३-४ ला जाग येते आणि परत लागत नाही, ही तक्रार जास्त ऐकू येते. पण डॉक्टर डिप्रेशन ठरवताना जी ९ लक्षणं बघतात त्यात झोपेचं लक्षण दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असतं, झोप न लागणं किंवा जास्त झोप येणं. पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, ओपीडीत पण वापरतात, तिच्यातला तिसरा प्रश्न हाच आहे. मी तो वाचला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझं झोपणं कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे, म्हणजे माझ्यासारखे अजून आहेत.

डिप्रेशनचा एक प्रकारच असा असतो की झोप वाढते, भूक वाढते, वजन वाढतं, हातपाय शिसं भरल्यासारखे जड होतात, आणि कुणी जरा काही बोललं की आतून तुटायला होतं. पण चांगली बातमी आली, मैत्रीण आली, की तेवढ्यापुरता मूड सुधारतो पण! आणि इथेच घरचे फसतात, म्हणजे परवा तर चांगली हसत होती, मिसळ खायला गेली होती, हिला कसलं डिप्रेशन. तरुण मुलामुलींमधे आणि बायकांमधे हा प्रकार जास्त दिसतो.

आधी काय येतं? जास्त झोपल्यामुळे डिप्रेशन येतं, की डिप्रेशनमुळे जास्त झोप?

दोन्ही बाजूंनी चालतं हे. मोठमोठ्या अभ्यासांमधे दिसलंय की फार कमी झोपणारे आणि फार जास्त झोपणारे, दोघांमधे डिप्रेशनचं प्रमाण मधल्या लोकांपेक्षा जास्त असतं. म्हणून झोपेनेच डिप्रेशन आणलं असं म्हणता येत नाही, पण झोप त्याला खतपाणी घालते हे नक्की. माझं कसं व्हायचं ते सांगते. ११ ला उठायचं, म्हणजे सकाळ गेलेली, बाहेर ऊन चढलेलं, अंघोळ १ ला, जेवण २ ला, मग वाटायचं आता आजचा दिवस गेलाच, परत पडूया. संध्याकाळी अपराधी वाटायचं, त्या अपराधीपणामुळे रात्री २ पर्यंत डोळे उघडे, आणि दुसऱ्या दिवशी परत ११. लोकांना भेटणं बंद, चालणं बंद, ऊन बंद. ज्या ज्या गोष्टींनी मन सावरतं त्या सगळ्या झोपेत जातात.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. झोपेत त्रास नसतो. जागं असलं की विचार येतात, झोपलं की बंद. मी थकले म्हणून नाही झोपायचे, जागं राहायचं नव्हतं म्हणून झोपायचे. हे डॉक्टरांसमोर तोंडातून निघालं तेव्हा मला स्वतःलाच धक्का बसला.

हा नुसता आळस नाही हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा ज्याच्याबद्दल विचारतात तो माणूस आतल्या खोलीत झोपलेला असतो.

आळशी माणसाला आवडीचं काम सांगा, टुणकन उठतो. सापुताऱ्याला निघालोय म्हटलं की ५ ला तयार. डिप्रेशनमधे आवडीचं पण नको होतं. मला भरतकामाचा नाद होता, रिंग तशीच कपाटावर पडून होती, अर्धं फूल काढलेलं, त्यात सुई तशीच अडकलेली. ५ महिने. दुसरं, आळस केलेल्याला लोळून बरं वाटतं, मजा येते. इथे मजा अजिबात नसते, उठल्यावर स्वतःचीच किळस येते. तिसरं, अंघोळ, केस विंचरणं, कुणाचा फोन घेणं असली बारीक कामं पण डोंगराएवढी वाटतात.

आई सकाळी साडेसातला चहा करायची आणि माझ्या कपावर बशी झाकून ठेवायची. मी उठेपर्यंत तो चहा तीनदा गरम झालेला असायचा, वर जाड साय, रंग काळपट, चव कडसर. मी ती साय बोटाने बाजूला करून प्यायचे आणि मनात यायचं की आपल्याच्याने एक चहा वेळेवर प्यायला होत नाही. आळशी माणूस चहावरून रडत नाही.

तर खूण अशी धरा, २ आठवडे जवळजवळ रोज मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, आपण बिनकामाचे आहोत असं वाटणं, हालचाल मंदावणं, मरणाचे विचार यातली काही लक्षणं. एकूण ५ किंवा जास्त असतील तर डॉक्टर डिप्रेशन धरतात. पण ते ठरवायचं त्यांनी, आपण फक्त जायचं.

१०-१२ तास झोपून पण थकवा का राहतो?

कारण तास जास्त म्हणजे झोप चांगली असं नसतं. डिप्रेशनमधे बऱ्याचदा झोप तुटक होते, गाढ झोपेचा भाग कमी पडतो, स्वप्नांची झोप लवकर सुरू होते. शिवाय आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे, सकाळच्या उजेडावर रोज लावलं जाणारं (याच घड्याळाचं काम पेशीत कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं), आणि सकाळचा उजेड डोळ्यांवर पडलाच नाही की ते मागे पडत जातं. त्यात अलार्म बंद करून परत झोपलो की मधेच कुठल्यातरी गाढ टप्प्यातून उठतो, डोकं सुन्न राहतं, अर्धा तास एक तास काही सुचत नाही. त्याला आपण थकवा समजतो आणि अजून झोपतो.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, कशाला? मन दुखतंय ना?

हे केलंच पाहिजे, प्लीज टाळू नका. सारखी झोप येण्याची शरीराची कारणं भरपूर आहेत आणि ती बाहेरून डिप्रेशनसारखीच दिसतात. थायरॉईड कमी असणं हे पहिलं, झोप, वजन, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, उदासपणा सगळं त्यात येतं, त्याची टीएसएच टेस्ट असते. हिमोग्लोबिन कमी असणं, आपल्याकडच्या बायकांमधे हे किती आहे सांगायला नको. बी१२ कमी, विशेषतः शाकाहारी घरात. शुगर. किडनी-लिव्हरच्या तक्रारी.

माझं थायरॉईड नॉर्मल आलं, बी१२ नॉर्मलच्या बरंच खाली. इंजेक्शनं घेतली. पायातल्या मुंग्या गेल्या, जिना चढताना धाप लागायची ती कमी झाली, पण सकाळी डोळे उघडल्यावर "अजून एक दिवस" असं जे पोटात यायचं ते तसंच होतं. म्हणजे दोन्ही एकदम असू शकतं. बी१२ सापडलं म्हणून आई इतकी खूश झाली होती की बघा, मनाचं काही नव्हतंच, आणि त्यात माझा अजून दीड महिना गेला. रिपोर्टमधे काही सापडलं तर त्याचा इलाज कराच, पण मन तरी वर येत नसेल तर तिथे थांबू नका.

नवरा रात्रभर घोरतो आणि दिवसभर पेंगतो, चिडचिड करतो. हे पण डिप्रेशन?

आधी स्लीप ॲप्निया बघा. झोपेत घशाचा रस्ता बंद पडतो, श्वास अडकतो, ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून उठवतो, आणि हे रात्रीत कितीतरी वेळा होतं, माणसाला सकाळी आठवत पण नाही. जाडजूड मान, वाढलेलं पोट, बीपी, सकाळी डोकं दुखणं ही त्याची साथ. स्लीप स्टडी नावाची तपासणी असते, आता घरी मशीन लावून पण करतात. ॲप्निया आणि डिप्रेशन बऱ्याचदा हातात हात घालून येतात, श्वासाचा इलाज झाला की मन पण हलकं झालेलं दिसतं कधीकधी. घोरणं म्हणजे गाढ झोप हा आपला गैरसमज सोडा आधी. बायकांनीच हे बघायचं असतं कारण घोरणाऱ्याला स्वतःला पत्ता नसतो.

मी सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट बदलते. नाईटच्या आठवड्यात दिवसभर झोपतो. मला डिप्रेशन आहे का?

नुसतं एवढ्यावरून नाही. नाईट करून सकाळी ७ ला सुटणारा माणूस दिवसा झोपणारच, आणि दिवसाची झोप कच्ची असते, खाली भंगारवाला ओरडतो, पोरं खेळतात, म्हणून ती लांबते. सातपूर-अंबडमधे अर्ध्या घरांची हीच कथा आहे. पण शिफ्टच्या लोकांमधे डिप्रेशनचं प्रमाण जास्त दिसतं हे पण खरंय, शरीराचं घड्याळ सारखं इकडून तिकडे ओढलं जातं ना. तुम्ही हे बघा की फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी काय होतं. तेव्हा पण उठावंसं वाटत नाही, पोरांशी बोलावंसं वाटत नाही, तर डॉक्टरांना दाखवा आणि शिफ्टचं आवर्जून सांगा. नाईटवरून आल्यावर खोलीत जाड पडदा लावा, फोन सायलेंट करा, घरच्यांना वेळ सांगून ठेवा. आणि झोप यावी म्हणून एक पेग मारायची सवय असेल तर ती आधी सोडा, दारूने डोळा लागतो पण पुढची झोप तुकडे तुकडे होते, आणि दारू मन अजून खाली नेते.

पावसाळ्यात आणि थंडीत जास्त झोप येते, ते नॉर्मल आहे ना?

थोडीफार येते. नाशिकची थंडी म्हणजे काय सांगायचं, निफाडला पारा एक आकडी झाला की इकडे पण गोधडी सुटत नाही, जानेवारीत उजाडायलाच ७ वाजून जातात. काही लोकांना मात्र ठराविक ऋतूत खरंच डिप्रेशन येतं, झोप वाढते, गोड आणि भात-पोळी खावीशी वाटते, आणि ऋतू पालटला की जातं. १९८४ मधे याचं नीट वर्णन झालं, अमेरिकेत, जिथे हिवाळ्यात दिवस खूप छोटा होतो. आपल्याकडे उजेड तेवढा कमी नसतो, पण पावसाळ्यात १५-१५ दिवस सूर्य दिसत नाही आणि आपण घरात ट्यूबलाईटखाली. घरातला उजेड १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, बाहेर ढगाळ असलं तरी काही हजार, आणि स्वच्छ ऊन असेल तर ५० हजारांच्या वर. परदेशात यासाठी १० हजार लक्सचे दिवे घेऊन त्यांच्यासमोर अर्धा तास बसतात. आपल्याला गच्ची आहे, फुकट आहे.

दुपारची झोप बंद करायची का?

२० मिनिटं, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि ३ च्या आत. दुपारी दीड दोन तास झोपलात की रात्र बिघडते.

चालू असलेल्या गोळ्यांनी झोप येत असेल का?

येऊ शकते. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, खाजेच्या, फिटच्या, काही बीपीच्या, आणि मानसोपचाराच्याही काही. तुम्ही काय काय घेता ते सगळं डॉक्टरांसमोर ठेवा, मेडिकलवरून आणलेलं पण, काढा-चूर्ण पण. पिशवी भरून न्या सरळ. पण मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

बारावीचा मुलगा सुट्टीच्या दिवशी १२ पर्यंत झोपतो. काळजी करू?

किशोरवयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, त्यांना रात्री ११-१२ च्या आधी झोपच येत नाही, आणि सकाळी ६ ला कॉलेज रोडच्या क्लासला पळायचं. आठवडाभराची उधारी ते रविवारी फेडतात. ते बघून लगेच घाबरू नका. पण मित्र तोडले का, क्रिकेट सोडलं का, जेवताना मोबाईल पण नको म्हणतोय का, मार्क एकदम घसरले का, हातावर ओरखडे-जखमा दिसतायत का हे बघा. त्या वयात डिप्रेशन रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त बाहेर येतं. आणि विचारताना "अभ्यास का होत नाही" इथून सुरुवात नका करू, तिथेच दार बंद होतं.

मधूनच काही दिवस असे येतात की ३-४ तास झोपून पण भन्नाट एनर्जी असते, मग परत आठवडे झोपेत. हे काय?

हे डॉक्टरांना नक्की, नक्की सांगा. कमी झोपून पण थकवा नाही, सारखं बोलणं, डोक्यात कल्पनांचा भडिमार, वारेमाप खर्च, असे दिवस येऊन गेले असतील तर तो बायपोलर, म्हणजे मन कधी खूप वर कधी खूप खाली जाण्याचा आजार, असू शकतो, आणि त्याच्या डिप्रेशनच्या टप्प्यात जास्त झोप बऱ्यापैकी दिसते. त्याची औषधं वेगळी असतात, नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काहींचं उलट बिघडतं. लोक फक्त उदासीचं सांगतात आणि चांगले दिवस सांगायचं विसरतात, कारण ते दिवस आजार वाटतच नाहीत.

घरच्यांनी काय करायचं? किती समजावलं तरी उठत नाही.

समजावणं थांबवा आधी. मला काय काय ऐकायला मिळालं ते सांगते, "सूर्य डोक्यावर आला", "आमच्या वेळी ४ ला उठून पाणी भरायचो", "लोळून लोळून डोकं खराब होणारच". प्रेमाचेच लोक होते बोलणारे, पण प्रत्येक वाक्यानंतर मला उठणं अजून अवघड व्हायचं, कारण उठलं की त्यांच्या समोर जायचं.

बाबांनी वेगळं केलं. ते सातपूरला कंपनीत होते, आता रिटायर. एक दिवस त्यांनी किती झोपतेस विचारणं बंद केलं. सकाळी साडेसातला यायचे, पडदा सरकवायचे आणि म्हणायचे, "चल, दुधाची पिशवी आणायची आहे, मला चष्मा सापडत नाहीये, तू चल." एवढंच. मी गाऊनवर ओढणी घेऊन, केस न विंचरता, चप्पल घालून खाली. कोपऱ्यावरचं दुकान, जायला ३ मिनिटं. पिशवी हातात गार लागायची, पाणी निथळायचं, ते बोटांना लागलं की जरा जाग यायची. रस्त्यात काही बोलायचे नाहीत. घरी आलं की मी परत झोपले तरी चालायचं, ओरडा नाही. पहिल्या आठवड्यात ४ दिवस परत झोपले. दुसऱ्या आठवड्यात २ दिवस. चष्मा त्यांच्या खिशातच असायचा हे मला खूप नंतर कळलं.

याला उपचारात नाव पण आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. इच्छा होईल मग करू असं नाही, आधी छोटीशी कृती, ठरलेल्या वेळी, इच्छा मागून येते. मानसतज्ज्ञ हे पद्धतशीर करून घेतात. बाबांना हे माहीत नव्हतं, पण त्यांनी तेच केलं.

घरच्यांनी अजून एक करा, पहिल्या अपॉईंटमेंटला सोबत जा. नंबर लावणं, रिक्षा करणं, तिथे बसून राहणं हे डिप्रेशनमधल्या माणसाला एकट्याने झेपत नाही.

मी स्वतः काय करू शकते?

झोपायची वेळ सोडा, उठायची वेळ पकडा. रात्री कितीही वाजता झोप लागली तरी उठायची वेळ एकच, रविवारी पण. एकदम ११ वरून ६ करायला जाऊ नका, मोडतं. मी ११ वरून साडेदहा, मग १०, असं दर ४-५ दिवसांनी अर्धा तास करत ८ वर आले, महिनाभर लागला. उठल्यावर तासाभरात उजेडात जा, गच्ची, गॅलरी, जॉगिंग ट्रॅक, जमलं तर गंगेवर (म्हणजे गोदावरीवर). मी सुरुवातीला गॅलरीत नुसती बसायचे, व्यायाम वगैरे काही नाही. नंतर बाबांबरोबर कृषीनगरच्या ट्रॅकवर जायला लागले, आधी एकच चक्कर. चालण्याने सौम्य डिप्रेशनमधे खरंच फरक पडतो.

बेडवर फक्त झोपायचं. मोबाईल, जेवण, लॅपटॉप सगळं खुर्चीत. मी ५ महिने बेडवरच जेवत होते, त्यामुळे बेड दिसला की शरीर आपोआप बंद व्हायचं. अलार्म हाताला लागणार नाही एवढ्या लांब. चहा-कॉफी संध्याकाळी ५ नंतर नको.

आणि हे सगळं एका दिवशी सुरू करायचं नाही. एकच घ्या. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी परत तेच.

नाशकात कुठे जायचं? खर्च किती?

तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा, तिथून रक्त तपासणी आणि मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी. पैशाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, सिव्हिल, केस पेपर काढून मानसोपचार ओपीडी विचारा, सकाळी लवकर जा, गर्दी असते. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी पहिला फोन तिथेच केला होता, पांघरुणात तोंड घालून, हळू आवाजात.

पहिला डॉक्टर पटला नाही तर दुसरा बघा. मी ज्यांच्याकडे आधी गेले त्यांनी ५ मिनिटांत सांगितलं लग्न झालं की होईल सगळं नीट. घरी येऊन परत २ दिवस झोपले. दुसऱ्या डॉक्टरांनी पाऊण तास ऐकलं.

लोकांना कळलं तर? स्थळं बघतायत घरी.

ही भीती खोटी नाहीये, मी पण त्यातून गेलेय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे, डॉक्टर ती परस्पर नातेवाईकांना, ऑफिसला सांगू शकत नाहीत. त्याच कायद्यात असंही आहे की विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शरीराच्या आजारांसारखंच कव्हर दिलं पाहिजे. लग्नाचं म्हणाल तर मी समोरच्याला स्वतः सांगते, लपवून नाही करणार. दोघांनी नकार दिला. चालेल.

डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते का? त्यांनी अजून झोप येईल ना?

डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या नशेच्या नसतात, त्यांची तलफ लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, उलटीसारखं होतं, म्हणून कमी करत करत डॉक्टरांच्या सांगण्याने सोडायच्या. परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे, नीट वाटायला त्याहून जास्त. सुरुवातीला मळमळ, डोकं जड असे साईड इफेक्ट आधी येतात आणि फायदा नंतर येतो, त्यामुळे लोक दहाव्या दिवशी सोडून देतात. तेवढे दिवस काढा. आणि झोप जास्त आहे हे सांगितलंत तर डॉक्टर त्या हिशोबाने गोळी निवडतात, काही गोळ्या झोप आणतात काही तरतरी आणतात. बरं वाटल्यावर पण साधारण ६ महिने ते वर्षभर चालू ठेवायला सांगतात. सौम्य असेल तर गोळीशिवाय, नुसत्या समुपदेशनाने पण बरं होतं.

"झोपले ते परत उठूच नये" असं वाटतं. हे पण लक्षण आहे का?

हो. आणि हे वाचत असाल तर आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगा, आईला, मैत्रिणीला, नाहीतर १४४१६ ला. मरायचं नाहीये, फक्त उठायचं नाहीये, असं वाटत असलं तरी सांगा, मला पण तसंच वाटायचं आणि मी ते किरकोळ समजले होते. मनात काही ठरवलं असेल, काही जमवून ठेवलं असेल, तर एकटं राहू नका, घरातल्या एकाला घेऊन थेट सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सीला जा, रात्र असली तरी. घरच्यांना कुणी असं बोलून दाखवलं तर "काहीतरीच काय बोलतेस" म्हणून उडवू नका. सरळ विचारा, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने विचार डोक्यात जात नाहीत, उलट माणसाचा जीव जरा मोकळा होतो.

एकदा बरं झालं की परत होतं का?

होऊ शकतं, बऱ्याच जणांना आयुष्यात परत एखादा टप्पा येतो. म्हणून आपली पहिली खूण ओळखून ठेवायची. कुणाची भूक जाते, कुणाचे फोन बंद होतात, माझी उठायची वेळ घसरते. आई कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिते, रोज तारखेच्या चौकटीत १ किंवा दीड. मी त्याच चौकटीत खाली बारीक पेन्सिलीने उठायची वेळ लिहिते. बहुतेक साडेसात, आठ. गेल्या नोव्हेंबरमधे सलग तीन चौकटींत साडेनऊ, दहा, साडेदहा आलं. चौथ्या दिवशी बाबांनी दूध आणताना काही न बोलता कॅलेंडरकडे बोट दाखवलं, आणि मी त्याच दुपारी डॉक्टरांना फोन लावला.